पिशवीतले पुस्तक प्रवासात वाचून व्हावे म्हणून

प्रवासाला निघताना दोन-तीन पुस्तके पिशवीत टाकायची आणि आठ दिवसांनी ती तशीच, वाचनखूण पहिल्याच प्रकरणात अडकलेली, घरी परत आणायची, हा अनुभव पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या अनेकांना वारंवार येतो. त्याचे खापर गर्दीवर, गोंगाटावर किंवा मोबाइलवर फोडले जाते. प्रत्यक्षात चूक क्रमाची असते. पुस्तक निघण्याच्या आदल्या रात्री निवडले जाते, ई-पुस्तक फलाटावर उतरवून घेतले जाते, दिवा आणि चष्मा सामानाच्या तळाशी राहतात आणि नव्या पुस्तकाचे पहिले पान गाडी सुटल्यावर उघडले जाते. पुढे दिलेली पद्धत याच चुका टाळण्यासाठी आहे, आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग घरातून निघण्यापूर्वीचा आहे.

उदाहरणासाठी एकच प्रवास घेतला आहे: डोंबिवलीहून लोकलने मुंबईला येणे, तिथून सकाळी सुटणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसने सावंतवाडी गाठणे आणि पुढे एसटीने गावी जाणे. आपला मार्ग वेगळा असला तरी क्रम हाच ठेवावा.

टप्पा १: प्रवासाचे तुकडे पाडावेत (निघण्यापूर्वी सात दिवस)

प्रवास हा एक सलग वेळ आहे असे समजून पुस्तक निवडले की निवड चुकते. कागद घेऊन प्रवासाचे तुकडे लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी नोंदवाव्यात: बसायला मिळणार की उभे राहावे लागणार, उजेड कोणता असेल, आणि मध्ये किती वेळा उठावे लागेल. आपल्या उदाहरणात लोकलमध्ये तासाभराहून अधिक वेळ आहे, पण त्यातला बराचसा उभ्याने. मांडवीत साधारण दहा तास आहेत, बसून आणि दिवसाच्या उजेडात. एसटीत तासभर आहे, पण रस्ता वळणांचा आणि वेळ संध्याकाळची.

आता पानांचा हिशेब करावा. घरी घड्याळ लावून २० मिनिटे वाचावे आणि पाने मोजावीत. २० मिनिटांत दहा पाने होत असतील तर घरचा वेग तासाला ३० पानांचा झाला. आरक्षित डब्यात बसून मी या वेगाचा दोन-तृतीयांश भाग धरतो, म्हणजे तासाला २० पाने. दहा तासांच्या गाडीत दहा तास वाचन होत नाही. चहा, जेवण, डुलकी, शेजाऱ्यांशी बोलणे आणि खिडकी वजा जाता चार तास उरतात. म्हणजे ८० पाने. मोठ्या कादंबरीचा हा एक तुकडा झाला, किंवा एक छोटे पुस्तक. तीन पुस्तके नव्हेत.

तपासावे: पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश धावतात. त्या दिवसांत प्रवास असेल तर वेळ नव्या वेळापत्रकावरून मोजावी, गेल्या वेळच्या आठवणीवरून नव्हे.

टप्पा २: प्रत्येक तुकड्याला त्याचे वाचन द्यावे (निघण्यापूर्वी पाच दिवस)

उभ्याने वाचायचे असेल तर एका हातात मावणारे, पातळ आणि स्वतःहून उघडे राहणारे पुस्तक लागते. आपल्याकडची बरीच पुस्तके डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची आणि चिकट बांधणीची असतात. ती जाड असली की मिटू पाहतात, त्यांना दोन्ही हात लागतात आणि लोकलमध्ये एक हात कडीला द्यावाच लागतो. तिथे कवितासंग्रह, छोटे कथासंग्रह किंवा फोनवरचा एखादा लेख योग्य. बसून वाचायच्या मोठ्या तुकड्याला मुख्य पुस्तक द्यावे. वळणाच्या रस्त्याला ऐकायचे पुस्तक द्यावे.

दिवाळी अंक प्रवासासाठी उत्तम समजले जातात, आणि त्यातले लेखन सुटे असल्यामुळे ते काही अंशी खरेही आहे. मात्र मोठ्या आकाराचा जाड अंक मांडीवर टेकवावा लागतो आणि त्याची गुळगुळीत पाने खिडकीच्या उन्हात चमकतात. अंक न्यायचाच असेल तर अनुक्रमणिकेवर आधीच पेन्सिलीने खुणा करून तीन-चार लेख निश्चित करावेत; नाहीतर सगळा वेळ चाळण्यातच संपतो.

या टप्प्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता येते. मुख्य पुस्तकाची पहिली २५ ते ३० पाने घरीच वाचून काढावीत. पात्रांची नावे, नाती, लेखकाची भाषा आणि काळ यांची ओळख होईपर्यंत कोणतेही पुस्तक वाचकाकडून जास्त लक्ष मागते, आणि गाडीतला पहिला तास हा लक्ष देण्यासाठी सर्वांत वाईट तास असतो: सामान लावणे चालू असते, टीसी येतो, ओळखी होतात, फेरीवाले फिरत असतात. पुस्तकात आधीच शिरलेला माणूस त्यातही दोन पाने पुढे जातो; नवे पुस्तक उघडलेला माणूस तेच पान चार वेळा वाचतो आणि पुस्तक मिटतो. मी हा नियम पाळू लागल्यापासून प्रवासात पुस्तक अर्धवट राहण्याचे प्रमाण खूपच कमी झाले आहे. बाकीचे सगळे टप्पे कोणी गाळले तरी हा एक गाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सावधान: ग्रंथालयाचे, दुर्मीळ किंवा कोणाची सही असलेले पुस्तक प्रवासात नेऊ नये. त्याची काळजी घेण्यातच लक्ष जाते.

टप्पा ३: ई-पुस्तके उघडून, तपासून ठेवावीत (निघण्यापूर्वी तीन दिवस)

मराठी वाचकांचा सर्वाधिक घोटाळा या टप्प्यात होतो, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

मराठी ई-पुस्तक म्हणून आपल्याकडे जे येते ते तीनपैकी एका प्रकारचे असते. पहिला प्रकार युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखी ओळखता येणारी अक्षरपद्धती) मजकुराचा, उदाहरणार्थ ईपब या ई-पुस्तकांच्या फाईल-स्वरूपातले किंवा किंडलच्या दुकानातून घेतलेले पुस्तक. त्यात अक्षराचा आकार वाढवता येतो आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. दुसरा प्रकार जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळणी केलेल्या पीडीएफचा; ती डोळ्यांना व्यवस्थित दिसते, पण तिचे रूपांतर करायला गेले की देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. तिसरा प्रकार स्कॅन केलेल्या पानांचा, म्हणजे छायाचित्रांचा.

कोणता प्रकार हाती आहे हे ओळखण्याची सोपी युक्ती अशी: फाईल उघडून पहिल्या पानावर दिसणारा एखादा साधा शब्द शोधपट्टीत मराठी कीबोर्डने टाइप करावा. शब्द सापडला तर मजकूर युनिकोड आहे. डोळ्यांसमोर असूनही सापडत नसेल तर ती फाईल दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारची आहे आणि तिच्यात अक्षरांचा आकार वाढणार नाही, फक्त पान मोठे होईल. अशा फाईलचे ईपबमध्ये रूपांतर करण्यात संध्याकाळ घालवू नये.

डेमी पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. किंडलसारख्या सहा इंची वाचनयंत्राच्या पडद्यावर ते पूर्ण बसवले की अक्षर मूळच्या निम्म्याहून थोडेच मोठे उरते, आणि हलत्या गाडीत ते वाचता येत नाही. त्यावर उपाय दोन. समास कापण्याची सोय असेल तर ते कापून यंत्र आडवे धरावे; मजकुराची रुंदी पडद्याच्या रुंदीत बसते आणि अक्षर जवळपास छापील आकाराचे होते, फक्त प्रत्येक पान दोन-तीनदा सरकवावे लागते. किंवा अशी पुस्तके आठ-दहा इंची टॅबसाठी राखून ठेवावीत.

युनिकोड पुस्तकातही एकदा डोळा फिरवून घ्यावा. जुन्या यंत्रांवर किंवा काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ नीट उमटत नाहीत. चार पाने वाचल्यावर त्रास होत असेल तर फाँट बदलून पाहावा, आणि तरीही होत असेल तर ते पुस्तक छापील न्यावे.

यानंतर अक्षराचा आकार घरच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा करावा, ओळींमधले अंतर वाढवावे आणि पडदा आपोआप फिरण्याची सोय बंद करावी. कुशीवर आडवे होताच पान फिरणे ही बर्थवरच्या वाचनातली नेहमीची अडचण याने संपते.

तपासावे: फोन किंवा वाचनयंत्र एअरप्लेन मोडवर टाकून प्रत्येक पुस्तक, प्रत्येक ध्वनिपुस्तक उघडून पाहावे, शेवटच्या प्रकरणापर्यंत जाऊन पाहावे. बुकगंगा, किंडल, स्टोरीटेल यांसारख्या अ‍ॅपमध्ये मुखपृष्ठ दिसणे म्हणजे पुस्तक उतरलेले असणे नव्हे. कोकण रेल्वेच्या मार्गावर ९१ बोगदे आहेत, त्यातला करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि दोन बोगद्यांच्या मध्ये नेटवर्क येईल या भरवशावर पुस्तक उतरत नाही.

टप्पा ४: जागा आणि उजेड ठरवावा (आरक्षण करताना)

हा टप्पा कालक्रमाने खरे तर सर्वांत आधी येतो, पण वाचन काय आहे हे कळल्याशिवाय जागा ठरवता येत नाही, म्हणून तो येथे लिहिला आहे. आरक्षण महिनाभर आधी होणार असेल तर पहिल्या टप्प्यातले तुकडे तेव्हाच मनात पाडावेत.

दिवसाच्या प्रवासात वाचणाऱ्याने साइड लोअर मागावी. खिडकी स्वतःची मिळते आणि समोर एकच प्रवासी असतो. तोटा एवढाच की ये-जा खांद्याजवळून होते. एकट्याने रात्रीचा प्रवास असेल तर वरचा बर्थ बरा. कोणासाठी उठावे लागत नाही आणि रात्री मधला बर्थ उघडला जाण्याची वेळ झाली तरी आपले वाचन मोडत नाही. वातानुकूलित डब्यात बर्थपाशी वाचनदिवा बहुधा असतो, स्लीपरमध्ये तो धरू नये. बर्थची पसंती ही केवळ पसंती असते, हमी नव्हे. मधला बर्थ मिळाला तर दिवसाचे वाचन खालच्या बाकावर आणि रात्रीचे झोपून, असा बदल आधीच मनाशी करून ठेवावा.

ऊन कोणत्या बाजूने येणार याचा विचार बसच्या तिकिटापूर्वी नक्की करावा. पुण्याहून कोल्हापूरला, म्हणजे दक्षिणेकडे, सकाळी जाताना ऊन डावीकडून येते, तेव्हा उजवी बाजू घ्यावी. दुपारनंतर निघताना डावी. थेट उन्हात छापील पान डोळ्यांना टोचते आणि फोन तापून पडदा मंद करतो. रेल्वेत हा हिशेब आधी करता येत नाही, कारण डबा कोणत्या बाजूने जोडलेला असेल हे कळत नाही. तिथे खिडकीची झडप अर्धी ओढणे किंवा बाक बदलणे एवढेच हाती असते.

टप्पा ५: वाचनाची पिशवी वेगळी भरावी (आदल्या दिवशी)

वाचनाचे साहित्य मोठ्या सामानात ठेवले की ते बाकाखाली जाते, आणि बाकाखाली गेलेले पुस्तक उतरेपर्यंत बाहेर येत नाही. म्हणून खांद्याला लावायची एक छोटी कापडी पिशवी वेगळी करावी. तिच्यात मुख्य पुस्तक, उभ्याने वाचायचे पातळ पुस्तक, वाचनयंत्र किंवा फोन, इअरफोन, वाचायचा चष्मा, पेन्सिल, पुठ्ठ्याची वाचनखूण आणि क्लिपचा छोटा दिवा एवढेच असावे. पेन नको, गाडीच्या हिसक्याने ओढलेली शाईची रेघ पुसता येत नाही.

पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टन घालावे आणि ते चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावे. पावसाळ्यात पिशवीतला पाण्याचा ताप छत्रीमुळे जास्त होतो, म्हणून ओली छत्री आणि पाण्याची बाटली या पिशवीत कधीही ठेवू नये.

रात्रीच्या गाडीत चार्जिंगवर विसंबू नये. अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवले जातात. ध्वनिपुस्तक ऐकत झोपायची सवय असेल तर पॉवर बँक लागतेच.

विमानाने जाणाऱ्यांसाठी वेगळे असे थोडेच आहे. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, आणि नेहमीची १०,००० एमएएचची बँक सुमारे ३७ वॉट-तासांची असते. ती विमानात वापरता येईल का, हे त्या विमान कंपनीच्या नियमांत वाचून घ्यावे. परदेशात राहणारे आणि सुट्टीवरून पुस्तके घेऊन परतणारे वाचक सगळी पुस्तके चेक-इन बॅगेत भरतात आणि लांबच्या प्रवासात हातात काहीच उरत नाही. एक पुस्तक आधीच बाजूला काढून ठेवावे.

टप्पा ६: गाडीत बसल्यावरचा क्रम

१. लोकलमध्ये दरवाज्यात उभे राहून वाचू नये. आत शिरून दोन बाकांच्या मध्ये उभे राहावे, पिशवी पुढे घ्यावी आणि मगच पुस्तक काढावे.

सावधान: दरवाज्याजवळ किंवा उघड्या खिडकीशी फोन आणि वाचनयंत्र हातात धरून वाचू नये. गाडी वेग घेत असताना बाहेरून हातावर फटका मारून ते पळवण्याचे प्रकार मुंबईच्या लोकलमध्ये घडतात. तेथे छापील पुस्तकच काढावे.

२. लांबच्या गाडीत आधी सामान लावून साखळी-कुलूप घालावे, तिकीट आणि ओळखपत्र वरच्या खिशात ठेवावे. टीसी येऊन जाईपर्यंत मुख्य पुस्तक काढू नये. तोवर पातळ पुस्तक पुरते.

३. उतरण्याचा गजर आत्ताच लावावा, पेंग आल्यावर नव्हे. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ या अ‍ॅपमध्ये स्थानक जवळ आल्यावर वाजणारा गजर लावता येतो आणि ते मोबाइलच्या मनोऱ्यांवरून, इंटरनेट नसतानाही गाडीचा ठावठिकाणा दाखवते. घड्याळाच्या वेळेवर लावलेला गजर उशिरा धावणाऱ्या गाडीत उपयोगाचा नाही. एकदा गजर लागला की दर स्थानकावर मान वर करून पाहण्याची गरज उरत नाही, आणि वाचनाचे सर्वाधिक तुकडे याच पाहण्याने पडतात.

४. पहिली बैठक ३०-४० मिनिटांची ठेवावी आणि ती प्रकरणाच्या शेवटी किंवा परिच्छेद बदलतो तिथे थांबवावी. चहावाला आला म्हणून वाक्याच्या मध्येच पुस्तक मिटल्यास पुन्हा शिरायला वेळ लागतो. मध्येच मिटावे लागलेच तर समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यावा.

५. बोगद्यांच्या पट्ट्यात, विशेषतः रत्नागिरीच्या आसपास, उजेड आणि अंधार झपाट्याने बदलतो. त्या वेळी डोळे ताणू नयेत. बोगद्यात थांबावे, बाहेर आल्यावर क्षणभर दूर पाहावे आणि मग पानावर यावे.

६. समोरचे कुटुंब बोलायला उत्सुक असेल तर पुस्तक नाकासमोर धरून बसू नये. दहा मिनिटे मनापासून बोलून मग “आता थोडं वाचतो” असे सांगितले की कोणी वाईट वाटून घेत नाही.

रात्री दहानंतर डब्यातले दिवे मालवले जातात. क्लिपचा दिवा पानाकडे, खाली वळवावा. त्याचा झोत समोरच्या बर्थवर जाऊ देऊ नये. इअरफोन नसतील तर ध्वनिपुस्तक लावू नये.

टप्पा ७: घाटात पुस्तक मिटावे

डोळे स्थिर पानावर आणि कान मात्र वळणे, उतार, धक्के टिपत आहेत, अशा वेळी मेंदूला दोन वेगळ्या बातम्या पोहोचतात आणि मळमळ सुरू होते. रेल्वेत हा त्रास कमी, कारण वळणे मोठी आणि सौम्य असतात. कशेडी, आंबोली, वरंधा अशा घाटांत मात्र सवयीचे वाचकही हैराण होतात.

तोंडाला पाणी सुटणे, जांभया येणे, कपाळाला घाम फुटणे ही पहिली लक्षणे आहेत. “एवढे पान संपवतो” असे म्हणू नये. पुस्तक तत्काळ मिटावे, समोरच्या रस्त्यावर दूर नजर लावावी, खिडकी उघडावी. एकदा मळमळ पूर्ण सुरू झाली की घाट संपल्यावरही बराच वेळ वाचता येत नाही, त्यामुळे वाचलेल्या एका पानापायी पुढची वीस जातात.

एसटीत मागची आणि चाकांवरची आसने टाळावीत. मधल्या किंवा पुढच्या भागात हिसके कमी बसतात. अगदी पुढच्या आसनावर अंधारात दिवा लावून वाचू नये, त्याचे प्रतिबिंब चालकासमोरच्या काचेत पडते. या तासाला आपण ध्वनिपुस्तक दिले आहे. तेही डोळे मिटून किंवा बाहेर पाहत ऐकावे. संवाद आणि एकच निवेदक असलेले कथालेखन घाटात चांगले साधते. नावे, सनावळ्या आणि युक्तिवाद असलेले वैचारिक पुस्तक हिसक्यांत निसटते.

टप्पा ८: पोहोचल्यावर

उतरण्यापूर्वी २० मिनिटे पुस्तक मिटावे. वाचनखूण पानात आहे, चष्मा डबीत आहे, फोन खिशात आहे हे पाहावे आणि बर्थच्या कोपऱ्यात, उशीखाली, खिडकीच्या कट्ट्यावर एकदा हात फिरवावा. पुस्तके बहुधा तिथेच राहतात.

मुक्कामी पोहोचल्यावर पुस्तक भिजलेले आढळले तर त्याच रात्री हालचाल करावी. ते उन्हात ठेवू नये आणि इस्त्री करू नये, पाने आक्रसतात. पाने थोडी फाकवून पुस्तक उभे करावे, प्रत्येक दहा-पंधरा पानांमध्ये साधा पांढरा टिपकागद घालावा, ओला झाला की बदलावा आणि पंख्याखाली ठेवावे. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. दिवाळी अंकाची गुळगुळीत पाने भिजली असतील तर ती ओली असतानाच एकेक करून हलक्या हाताने सुटी करावीत, कारण वाळल्यावर ती एकमेकांना चिकटून वडी होते आणि मग सोडवता येत नाहीत. पुस्तक जवळजवळ कोरडे झाल्यावर दोन जाड पुस्तकांमध्ये दाबून रात्रभर ठेवावे.

गाडीत किती पाने झाली ते गावाच्या मुक्कामात पहिल्या टप्प्याच्या कागदावर, ठरवलेल्या आकड्याशेजारी लिहावे. ८० धरली होती आणि ५० झाली असतील तर परतीच्या गाडीसाठी ५०च धरावीत, आणि पुस्तकाची तेवढी पाने शिल्लक राहतील अशा बेताने गावी वाचावे.